पीळ अंगचा आणि पीळ पडलेला

बीडचा माणूस होडीबद्दल लिहायला बसला की लोक आधी हसतात. आमच्या जिल्ह्याची ओळख म्हणजे दुष्काळ, ऊसतोड आणि टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ते धरण आमच्या केज तालुक्याच्या हद्दीला, धनेगावला आहे. अशा मुलखात नांगर, दोर आणि होडीच्या गप्पा कोण मारतो?

पण पाऊस झाला की हाच जिल्हा वेगळा दिसतो. सिंदफणेवरचं माजलगाव धरण भरलं की पलीकडचा काठ धूसर होतो. जायकवाडीच्या उजव्या कालव्यातूनही त्यात पाणी येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेचे दरवाजे उघडावे लागले आणि काठच्या गावांनी पुराची रात्र काढली. पाणी नसतं तेव्हा आम्ही पाण्याबद्दलच बोलत असतो आणि पाणी आलं की त्याच्याशी कसं वागायचं हे आम्हाला ठाऊक नसतं. कोकणातलं पोरगं चालायला लागतं तेव्हापासून होडी बघतं. आमची पोरं धरणावर जातात ती मोबाइल घेऊन, फोटो काढायला.

माझ्या भाच्याने दोन मित्रांसोबत एक जुनी फायबरची होडी घेतली. मच्छीमार सोसायटीची परवानगी काढली, आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसण्याचा छंद लावून घेतला. छंद चांगला आहे. पण त्याच्या होडीत मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा माझी नजर इंजिनावर गेली नाही, दोरावर गेली. फळीखाली कोंबलेला दोर, जागोजागी वळ्या पडलेला, दोन ठिकाणी आपल्याच अंगाभोवती गुंडाळून गाठीसारखा झालेला. मी म्हटलं, "हा दोर तुला एक दिवस बुडवेल." तो हसला. "मामू, दोर कधी बुडवतो का? दोर तर वाचवतो."

त्याचं हसणं मला झोंबलं नाही, कारण तो बोलला ते अर्धं खरं आहे. दोर वाचवतो, पण तो मोकळा सुटला तरच. नांगराचा दोर म्हणजे संकटाच्या वेळी लागणारी वस्तू. वारा सुटला, होडी खडकाकडे जाऊ लागली, इंजिन बंद पडलं, तेव्हा नांगर टाकायचा असतो आणि तो पटकन टाकायचा असतो. त्या घडीला दोराला पीळ पडलेला असेल तर तो कडीत अडकतो, हाताला वेढा घालतो, नाहीतर अर्ध्यातच थांबतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी वैशाखात, आमच्याच भागातल्या एका जलाशयावर मी एका भाड्याच्या होडीत होतो. होडी चालवणारे तात्या सहा महिने ऊसतोडीला आणि उरलेले सहा महिने पाण्यावर असत. दुपारी चारच्या सुमारास वळवाचं आभाळ चढलं. तात्यांनी नांगर टाकलेलाच होता, पण दोर आखूड सोडला होता आणि वाऱ्याने होडी ताणली जाऊ लागली. दोर वाढवायला हवा होता. तात्यांनी सोडायला सुरुवात केली, चार-पाच हात दोर गेला आणि पिळाचा एक डोळा तयार होऊन पुढच्या लोखंडी कडीत घट्ट बसला. आता दोर पुढेही जाईना आणि मागेही येईना. लाट आली की होडीचं तोंड खाली ओढलं जाई आणि पाणी आत येई. आम्ही चौघं होतो आणि जाकिटं दोनच. तात्यांनी बाकाखालून ऊसतोडीचा कोयता काढला आणि एका घावात दोर तोडला. नांगर गेला, आम्ही वाहत वाहत चिखलात जाऊन टेकलो. कुणाला काही झालं नाही. पण तो कोयता होडीत नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

घरी आल्यावर मी हा प्रकार दुल्हेभाईंना फोनवर सांगितला. ते श्रीवर्धनकडचे, ३० वर्षं जहाजावर काढलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वाऱ्याबद्दल नव्हता. "दोर गुंडाळला कसा होता?" मी आठवून सांगितलं, तात्या हाताचा पंजा आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळत होते. आपण सगळेच तसं गुंडाळतो. शेतात, मंडपवाल्याकडे, घरच्या वायरीसुद्धा. दुल्हेभाई म्हणाले, "मग झालं. कोपराभोवतीच्या प्रत्येक वेढ्यागणिक दोरात एक पीळ भरतो. पन्नास वेढे तर पन्नास पीळ. पाण्यात गेल्यावर तो दोर ते सगळे परत मागणार."

त्यानंतर मी दोराकडे नीट बघायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की ही विद्या आपल्याकडे नवी नाही.

बकरी ईदच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या मोहल्ल्यातून चालून बघा. प्रत्येक दारात बोकड बांधलेला असतो आणि प्रत्येक बोकड खुंट्याभोवती फिरत असतो. सकाळी चार हात असलेलं दावं दुपारपर्यंत वीतभर उरतं आणि बोकडाची मान खुंट्याला टेकते. लहानपणी आमचं कामच ते होतं, शाळेतून आलं की बोकडाला उलट फिरवून दावं सोडवायचं. अब्बांनी त्यावर इलाज केला होता. दाव्याच्या मध्ये त्यांनी भोवरकडी बसवली होती. लोखंडाचे दोन तुकडे, एकमेकांत अडकलेले, पण दोन्ही आपापले फिरू शकणारे. आणि खुंट्यावर दावं बांधण्याऐवजी एक सैल कडी घातली होती. बोकड कितीही फिरला तरी कडी खुंट्यावर फिरे, भोवरकडी दाव्यात फिरे, आणि दावं जसंच्या तसं राही. नेकनूरच्या बाजारात बैलांच्या दाव्यांमध्ये हीच भोवरकडी दिसते. शेतकऱ्याच्या पोराला ती शिकवावी लागत नाही.

आता त्या बोकडाच्या जागी होडी ठेवा आणि खुंट्याच्या जागी नांगर. वारा फिरतो तशी होडी नांगराभोवती फिरते. खाली नांगर चिखलात रुतलेला, तो हलत नाही. होडीने एक पूर्ण चक्कर मारली की दोरात एक पूर्ण पीळ जातो. मराठवाड्यातल्या जलाशयावर उन्हाळ्यात वारा एका दिशेने वाहत नाही, दुपारी वावटळी उठतात, संध्याकाळी दिशा पालटते. दिवसभरात होडी किती वेळा फिरली हे बसणाऱ्याला कळतही नाही, दोर मात्र मोजत असतो. म्हणून नांगराच्या साखळीतही भोवरकडी घालतात. हार्डवेअरच्या दुकानात तिला स्विव्हल म्हणतात, नाव वेगळं, वस्तू तीच.

फक्त बैलाची भोवरकडी होडीला लावू नका. ती पातळ असते आणि पाण्यात गंजते. साखळीइतकी तरी मजबूत, जस्ताचा मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. ती नांगराच्या दांड्याला थेट जोडू नये. होडी बाजूला वळली की तिच्यावर आडवा ताण येतो आणि ती तुटू शकते. मध्ये साखळीचे दोन-चार दुवे ठेवले की ताण सरळ राहतो. डी-शॅकलचा बोल्ट तारेने बांधून टाका, नाहीतर तो हळूहळू उलगडून पाण्यात जातो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. जोराचा ताण असताना भोवरकडी सहजी फिरत नाही. ताण सैल झाला की ती फिरते आणि पीळ सोडते. म्हणजे भोवरकडी लावली की काम संपलं असं नाही, मुळात दोरात पीळ भरू नये हेच खरं काम.

मराठीत एक म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती आपण हट्टी माणसाला टोमणा म्हणून वापरतो. पण सुंभ वळणाऱ्याला विचारा, पीळ गेला तर सुंभ राहील का? गावाकडे मातंग समाजातले कारागीर अंबाडीच्या आणि घायपाताच्या वाकापासून दोर वळत. वाक म्हणजे सुटे तंतू, हाताने ओढले तर निघून येतील असे. त्यांना एका दिशेने पीळ दिला की सूत होतं. ही सुतं एकत्र करून उलट दिशेने पीळ दिला की पदर होतो. आणि असे तीन पदर पुन्हा उलट पिळले की दोर. एक पीळ उलगडू बघतो तेव्हा दुसरा घट्ट होतो, आणि त्या ओढाताणीतच दोराची सगळी ताकद असते. तेव्हा पीळ वाईट नाही. दोराच्या अंगचा पीळ हा त्याचा जीव आहे. वाईट तो बाहेरून पडलेला पीळ. तो अंगच्या पिळाच्या दिशेने पडला तर दोर कडक होऊन डोळे धरतो. उलट दिशेने पडला तर पदर सुटतात आणि एखादा पदर फुगून बाहेर येतो. तिथे दोराची ताकद बरीच घटते आणि हाताने चोळून ती परत येत नाही. तेवढा भाग कापून टाकायचा असतो.

हा फरक कळला की बाकीचं सोपं आहे.

नवा दोर घेताना सुरुवात होते. दुकानदार रीळ जमिनीवर उभं ठेवतो आणि वरच्या तोंडातून दोर ओढून देतो. अशा ओढण्यात प्रत्येक वेढ्याला एक पीळ दोरात जातो. रिळात काठी घालून दोघांनी धरा आणि रीळ फिरवत दोर काढा. आमच्या बाजारातला दुकानदार आधी वैतागला, मग म्हणाला, "असं तर बोअरवाले मोटारीची वायर काढतात." बरोबर आहे, तीच गोष्ट.

दुसरं, दोर कोणता ते बघा. आपल्याकडे दुकानात कुठल्याही प्लॅस्टिकच्या दोराला नायलॉन म्हणतात. एक तुकडा बादलीत टाका. खरा नायलॉन बुडतो. तरंगला तर तो बहुधा पॉलिप्रॉपिलिन. तरंगणारा दोर नांगराला नको. तो पाण्याच्या वर येऊन पंख्यात अडकतो आणि उन्हाने लवकर कुजतो. नायलॉन ताणला जातो, लाटेचा धक्का सोसतो, म्हणून नांगराला तो बरा. तीन पदरी दोर उभा धरून बघा. पदर वर जाताना उजवीकडे झुकत असतील तर तो उजव्या पिळाचा. असा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, म्हणजे तो आपल्या पिळाशी भांडत नाही. विणलेला दोर असेल, म्हणजे वेणीसारखा, तर त्याच्या अंगात दोन्ही दिशांचे धागे सारखे असतात. तो गोल गुंडाळायचा नाही, मराठी चारच्या आकड्यासारखा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे आडवा टाकत ठेवायचा. इकडच्या फेऱ्यात पडलेला पीळ तिकडच्या फेऱ्यात निघून जातो.

सगळ्यात सोपी रीत मात्र गुंडाळण्याची नाहीच. तळाला भोकं पाडलेली एक प्लॅस्टिकची बादली घ्या. दोराचं मागचं टोक होडीला पक्कं बांधा, मग दोर हाताने सरळ बादलीत सोडत जा. जसा पडेल तसा पडू द्या, नीटनेटकं करायला जाऊ नका. वर राहील ते नांगराचं टोक. नांगर टाकला की दोर ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट क्रमाने सुरळीत बाहेर येतो. डोंगर चढणारेही दोर पिशवीत असाच भरतात. दिसायला गबाळं, पण अडकत नाही. नांगर टाकताना मात्र पाय बादलीपासून आणि दोरापासून लांब हवा. वेगाने जाणाऱ्या दोराचा वेढा घोट्यात बसला तर माणूस दोराबरोबर जातो.

दोरात पीळ आधीच भरलेला असेल तर? जोर लावून तो काढता येत नाही. मोकळ्या पाण्यात जा, नांगर आणि साखळी सोडवा, आणि नुसता दोर होडीच्या मागे लांब सोडून सावकाश चला. पंख्यापासून सांभाळून. दुसरं टोक मोकळं असल्यामुळे दोर पाण्यात आपोआप गरगर फिरतो आणि सगळा पडलेला पीळ निघून जातो, अंगचा तेवढा राहतो. मग बादलीत भरून घ्या. शेतात हेच करायचं असेल तर दोर झाडाला उंच टांगून टोक मोकळं सोडा, तो स्वतःच उलगडतो.

दोर किती सोडायचा हाही याच विषयाचा भाग आहे. पाण्याची खोली आणि होडीच्या नाकाची पाण्यापासूनची उंची मिळवा, आणि त्याच्या किमान पाचपट, वारा असेल तर सातपट दोर सोडा. खोली ४ मीटर आणि उंची अर्धा मीटर असेल तर साडेबावीस ते साडेएकतीस मीटर दोर हवा. लोक ऐकून थक्क होतात. पण यामागचं कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. नांगर वजनाने धरत नाही, तो रुतून धरतो. दोर लांब असेल तर ओढ आडवी येते आणि फाळ खाली जातो. दोर आखूड असेल तर ओढ वर येते आणि फाळ उपटतो. शेतात नांगराची ओढ वर झाली की तास उथळ पडतो, तसंच हे. १९३३ मध्ये जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने होडीसाठी एक नवा नांगर काढला, तो चक्क शेतीच्या नांगराच्या फाळासारखा आहे. तो आजही वापरात आहे.

मराठीत शेतातल्या अवजारालाही नांगर आणि जहाजाच्या अवजारालाही नांगरच म्हणतात, याची मला लहानपणी गंमत वाटे. संस्कृतात शेतीचा नांगर म्हणजे लांगल, आणि फारसीत जहाजाचा नांगर म्हणजे लंगर. दोन शब्द मराठीत येऊन एका शब्दात कसे नांदले हे भाषेचे अभ्यासक सांगतील. पण होडीवरचे शब्द मोजत गेलो तर बंदर फारसी, जहाज अरबी, सुकाणू अरबी, खलाशी अरबी, नाखवा फारसी नाखुदावरून आलेला. आज कोकणातला कोळी हे शब्द बोलतो तेव्हा त्याला ते परके वाटत नाहीत, आणि वाटायचं कारणही नाही. ते सुतात सूत मिसळल्यासारखे वळले गेले आहेत. ते वेगळे काढायला गेलात तर दोरच उसवेल.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांना शोधायला कोल्हापूरहून आलेल्या पथकातला एक जवान पाण्यात उतरला आणि खाली जाळ्यांत अडकून तोही गेला. पट्टीचा पोहणारा माणूस, प्रशिक्षण घेतलेला. आमच्या जलाशयांच्या तळाशी काय आहे हे विसरू नका. तिथे जुन्या गावांच्या भिंती आहेत, बाभळी आहेत, हरवलेली जाळी आहेत, तुटलेले दोर आहेत. म्हणून तात्यांनी त्या दिवशी तोडलेला दोर माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही वाचलो, पण तो दोर अजून खाली आहे. दोर तोडणं हा शेवटचा उपाय, त्याची किंमत पुढचा कुणीतरी देतो. नांगर अडकला तर होडी उलट बाजूला नेऊन ओढून बघा. तरीही सोडावाच लागला तर टोकाला रिकामा डबा बांधून तो तरंगता ठेवा, म्हणजे नंतर काढता येईल. आणि अडकलेला नांगर काढायला स्वतः पाण्यात बुडी मारू नका. नांगर बाजारात मिळतो.

भाच्याला मी भाषण दिलं नाही. एका जुम्याला नमाजनंतर त्याला अब्बांच्या घरी नेलं, कोठीत टांगलेलं जुनं दावं काढलं आणि भोवरकडी त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही कड्या उलटसुलट फिरवून बघितल्या. मग त्याने विचारलं, "मामू, हे होडीच्या मापाचं कुठे मिळेल?" पुढच्या आठवड्यात त्याने ३५ मीटर तीन पदरी नायलॉन, ३ मीटर जीआय साखळी, भोवरकडी आणि दोन डी-शॅकल आणले. रीळ त्याने आणि त्याच्या मित्राने काठीवर धरून फिरवलं. भोकं पाडलेली बादली त्याच्या अम्मीची होती, त्याबद्दल त्याला वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

आता होडी पाण्यात ढकलण्याआधी तो चार गोष्टी बघतो. दोराचं मागचं टोक बांधलंय का, शॅकलची तार शाबूत आहे का, भोवरकडी बोटाने फिरते का, आणि माणशी एक जाकीट आहे का. याला दोन मिनिटं लागतात. तुमच्या गावाजवळ धरण असेल, आणि तुमच्या घरातली पोरं सुट्टीत तिकडे जात असतील, तर यातली निदान शेवटची गोष्ट आजच विचारून घ्या. दोराचं मग सावकाश शिकवता येईल.